चार्ल्स सिमियन : कुलूपबंद बाकं आणि शुक्रवारचा चहा

आजचं वाचन : मत्तय २७:३१-३२, १ थेस्सलनीकाकरांस २:७-८



कुरेनेकर शिमोनाबद्दल शुभवर्तमानांत फार थोडं लिहिलेलं आहे. तो शहरात येत होता. शिपायांनी त्याला वाटेत धरलं आणि प्रभूचा वधस्तंभ त्याच्या खांद्यावर चढवला. त्याची तयारी आहे का, हे कुणी विचारलं नाही. एवढंच. पण सुमारे सव्वादोनशे वर्षांपूर्वी हेच वचन केंब्रिजमधल्या एका पाळकाला नेमक्या वेळी सापडलं आणि त्याच्या जोरावर तो एका अवघड जागी टिकून राहिला. त्याचं नाव चार्ल्स सिमियन. आपल्यापैकी जे कॉलेजच्या प्रार्थना गटांतून विश्वासात आले, त्यांनी हे नाव माहीत करून घ्यायला हवं, कारण विद्यार्थ्यांची सहभागिता म्हणून आज आपण जे करतो त्यातलं बरंचसं या माणसाच्या खोलीत आधी होऊन गेलंय.

चार्ल्सचा जन्म २४ सप्टेंबर १७५९ रोजी इंग्लंडमधल्या रेडिंग गावी झाला. वडील वकील, घर खाऊनपिऊन सुखी. शिक्षण ईटनच्या नामांकित शाळेत. मुलगा अंगाने दणकट, घोडेस्वारीत पटाईत, कपड्यांचा शौकीन आणि डोक्याने तापट. जानेवारी १७७९ मध्ये तो केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात दाखल झाला. तिसऱ्याच दिवशी कॉलेजच्या प्रमुखांचा निरोप आला की साधारण तीन आठवड्यांनी प्रभुभोजन आहे आणि त्याला हजर राहावंच लागेल. कॉलेजचा नियमच तसा होता. हजेरी लावल्यासारखं प्रभुभोजन!

बाकीच्या मुलांनी तो निरोप ऐकला आणि सोडून दिला. चार्ल्सच्या मनात मात्र भीती बसली. आपण त्या मेजाजवळ जायला अजिबात लायक नाही, हे त्याला आतून कळत होतं. त्याने धार्मिक पुस्तकं आणली, उपास केले, जुनी पापं आठवून आठवून रडला, आणि शेवटी आजारी पडला. पहिलं प्रभुभोजन कसंबसं पार पडलं. पण ईस्टरला पुन्हा जायचं होतं. पवित्र सप्ताहात तो बिशप विल्सन यांचं प्रभुभोजनावरचं पुस्तक वाचत होता. त्यात एक मुद्दा आला : इस्राएली लोक अर्पणाच्या पशूच्या डोक्यावर हात ठेवून आपली पापं त्याच्यावर सोपवत, आणि आपण काय करतोय हे त्यांना पक्कं ठाऊक असे. (लेवीय १६ वाचा.) चार्ल्स तिथेच थांबला. म्हणजे माझं पाप मी दुसऱ्यावर सोपवू शकतो? देवाने त्यासाठी अर्पण दिलंय? मग एक क्षणही ते स्वतःच्या डोक्यावर कशाला ठेवायचं? बुधवारी आशा वाटू लागली, गुरुवारी ती वाढली, आणि ४ एप्रिल १७७९ च्या ईस्टरच्या पहाटे तो उठला तो पुनरुत्थित प्रभूचं नाव ओठांवर घेऊनच. ज्या प्रभुभोजनाची धास्ती होती, तिथेच त्याला शांती मिळाली.

आता गंमत पाहा. एवढं मोठं विद्यापीठ, पाळक घडवणारं, गल्लोगल्ली चर्च. आणि या मुलाला आपल्यासारखा विश्वास असणारा एकही मित्र तीन वर्षं सापडला नाही. ज्याच्याबरोबर गुडघे टेकावेत असं कुणी नाही. मग त्याने काय केलं? कॉलेजात काम करणाऱ्या नोकर माणसांना रविवारी संध्याकाळी आपल्याबरोबर वाचनाला आणि प्रार्थनेला बोलावलं. सुट्टीत घरी गेला की घरच्या नोकरांना घेऊन कौटुंबिक प्रार्थना सुरू केली. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

१७८२ साली चार्ल्सची दीक्षा झाली, तेव्हा वय बावीस. त्याच उन्हाळ्यात त्याची ओळख यलिंग गावचे वयोवृद्ध पाळक हेन्री व्हेन यांच्याशी झाली. पहिल्या भेटीनंतर तो घराबाहेर पडला आणि व्हेन यांच्या मुली हसू लागल्या. त्याचे हातवारे, चेहऱ्याचे अविर्भाव, सगळंच त्यांना विचित्र वाटलं. वडिलांनी त्यांना बागेत नेलं आणि पीचचं एक फळ तोडून आणायला सांगितलं. फळं तर अजून हिरवी होती. तेव्हा व्हेन यांनी समजावलं की थोडं ऊन, थोडा पाऊस आणि थोडी वाट पाहिली की हेच फळ गोड होतं, आणि या तरुणाचंही तसंच होणार आहे. पुढची अनेक वर्षं व्हेन यांचं घर चार्ल्ससाठी दुसरं घर होतं. तरुणाला असं एखादं घर मिळणं किती मोठी गोष्ट असते, हे हॉस्टेलमध्ये राहिलेल्यांना वेगळं सांगायला नको.

केंब्रिजच्या मधोमध होली ट्रिनिटी नावाचं चर्च आहे. तिथले पाळक वारले आणि बिशपांनी ती जागा सिमियन यांना दिली. १० नोव्हेंबर १७८२ ला त्यांनी तिथे पहिला उपदेश केला. लोकांना मात्र हा पोरसवदा आणि फार उत्साही पाळक नको होता. त्यांना तिथले आधीचे सहायक पाळक हॅमंड हवे होते. बिशप ऐकेनात, म्हणून लोकांनी वेगळाच मार्ग काढला. रविवारी दुपारच्या उपदेशकाची निवड मंडळीच्या हातात असे. ती जागा त्यांनी हॅमंडना दिली, पाच वर्षांनी दुसऱ्या एकाला दिली, आणि सिमियन यांना ती मिळायला १७९४ साल उजाडलं. बारा वर्षं स्वतःच्याच चर्चमध्ये दुपारचा उपदेश दुसऱ्याचा!

सकाळच्या उपासनेचं तर आणखी वाईट. त्या काळी चर्चमधली बाकं घराण्यांच्या मालकीची असत आणि त्यांना छोटी दारं असत. बाकवाल्यांनी दारांना कुलपं लावली आणि स्वतः यायचंही बंद केलं. म्हणजे आम्ही बसणार नाही आणि दुसऱ्यालाही बसू देणार नाही. सिमियन यांनी पदरमोड करून मधल्या वाटेत साधे बाक ठेवले, तर चर्चच्या पंचांनी ते उचलून बाहेर अंगणात फेकले. जे ऐकायला येत ते उभ्यानेच ऐकत. त्यांनी संध्याकाळची उपासना सुरू केली, तर चर्चच्या दारालाच कुलूप. एकदा कुलूपवाल्याला बोलावून दार उघडून घेतलं, पण नंतर तो हट्ट सोडला. कायद्याने बाकं अशी बंद ठेवता येत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. तरी ते कोर्टात गेले नाहीत. प्रभूच्या दासाने भांडू नये हे २ तीमथ्य २:२४ मधलं वचन त्यांना आवरत होतं, आणि हे लक्षात घ्या, की ते मुळात भांडखोर स्वभावाचेच होते. त्यांनी एक साधा हिशोब मांडला : मंडळी अर्धी आली आणि आशीर्वाद दुप्पट मिळाला, तर बेरीज तीच होते.

ही कुलपं दहा वर्षांहून जास्त काळ राहिली. आपण चार-चार महिन्यांच्या नाराजीवर मंडळी बदलणारी माणसं. म्हणून हा आकडा मला पुन्हा लिहावासा वाटतो : दहा वर्षांहून जास्त.

विद्यापीठातही टिंगल होत होतीच. विद्यार्थी उपासनेत गोंधळ घालत, खिडक्यांवर दगड मारत. जे सिमियन यांच्या उपदेशाला जात त्यांना "सिम" असं चिडवत. ते स्वतः किंग्ज कॉलेजचे फेलो होते, तिथेच राहत होते, तरी सोबतचे फेलो त्यांना टाळत. एकदा त्यांच्याच कॉलेजचा एक फेलो क्लेअर हॉलसमोरच्या हिरवळीवर पंधरा मिनिटं त्यांच्याबरोबर चारचौघांदेखत फिरला, तर त्यांना त्याचंच नवल वाटलं. माणूस किती एकटा असेल, विचार करा.

याच दिवसांत कधीतरी ते हातात ग्रीक नवा करार घेऊन फिरायला निघाले. मन जड झालं होतं. एखादं आधाराचं वचन मिळावं अशी प्रार्थना करून त्यांनी पुस्तक उघडलं आणि नजर गेली ती कुरेनेकर शिमोनावर. शिमोन आणि सिमियन हे एकच नाव. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात तर दोन्ही ठिकाणी शिमोनच छापलेलं आहे. जणू त्यांनाच नावाने हाक मारली होती. प्रभूच्या मागे वधस्तंभ वाहायला धरलेला माणूस तो मीच, आणि हा ओझ्याचा नव्हे, मानाचा प्रकार आहे, असं त्यांना वाटलं. जे टाळता येत नव्हतं ते त्यांनी त्या दिवसापासून आनंदाने खांद्यावर घेतलं.

लोकांचं मत बदलायला मात्र उपदेश पुरला नाही, भाकरी लागली. १७८८-८९ च्या हिवाळ्यात टंचाई पडली आणि पावाचे भाव गरिबांच्या हाताबाहेर गेले. शहरातल्या गरिबांसाठी वर्गणी जमली. सिमियन यांनी विचारलं की आसपासच्या खेड्यांचं काय. कुणी पुढे येईना, तेव्हा चोवीस गावांना अर्ध्या किमतीत पाव मिळण्याची व्यवस्था त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतली. दर सोमवारी घोड्यावर बसून ते गावोगावी जात आणि भट्टीवाले ठरल्याप्रमाणे पाव देतात का ते पाहत. विद्यापीठातल्या लोकांनी हे पाहिलं. चेष्टा लगेच थांबली नाही, पण या माणसाचं बोलणं खरं आहे एवढं त्यांना कळलं.

रोजची शिस्तही अशीच जमिनीवरची. पहाटे चारला उठून आठपर्यंत प्रार्थना आणि वचनाचा अभ्यास. थंडीत उठवेना, तेव्हा त्यांनी स्वतःला दंड लावला : उशीर झाला की खोली झाडणाऱ्या बाईला अर्धा क्राउन द्यायचा. मग एका सकाळी अंथरुणातच विचार आला की बाई गरीब आहे, तिला पैसे मिळालेले बरेच. मन किती हुशार असतं पाहा! त्यांनी दंड बदलला : आता उशीर झाला तर एक सोन्याची गिनी कॅम नदीत टाकायची. एकदा खरोखरच टाकली. पुन्हा टाकायची वेळ आली नाही.

आता येतो आजचा मुख्य भाग. १७९० च्या सुमारास त्यांनी पाळक होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना आपल्या खोलीत बोलवायला सुरुवात केली. पाळकाचं शिक्षण देणारं कॉलेज म्हणून विद्यापीठाची ख्याती, पण उपदेश कसा तयार करायचा हे शिकवणारं कुणी नव्हतं. सिमियन एक वचन देत, मुलं मुद्दे लिहून आणत आणि ते तपासत. हे वचन नेमकं काय म्हणतंय? तुझं म्हणणं वचनातून आलंय की तू ते वचनात घातलंयस? पुढे त्यांनी २,५३६ उपदेशांचे आराखडे २१ खंडांत छापले.

नंतरच्या काळात शुक्रवारची संध्याकाळ सगळ्यांसाठी खुली झाली. किंग्ज कॉलेजच्या फेलोंच्या इमारतीत, मधल्या कमानीच्या वरच्या मोठ्या खोलीत, संध्याकाळी सहा वाजता. निमंत्रण लागत नसे. साठ-साठ विद्यार्थी येत. शेकोटीच्या बाजूला उंच खुर्चीवर सिमियन बसलेले, मुलं बाकांवर, खिडक्यांच्या कट्ट्यांवर, जागा मिळेल तिथे. दोन नोकर चहा फिरवत. आणि मग प्रश्न. कुणी अवघड वचन विचारी, कुणी घरच्या अडचणी. देवाने निवडलं की माणसाने निवडलं, हा वाद तेव्हाही होता. सिमियन यांचं म्हणणं असं की वचन ज्या टोकाने बोलतं त्या टोकाने ते ऐकावं, आणि दुसरं वचन दुसऱ्या टोकाने बोललं तर तेही तसंच ऐकावं. दोन्ही कापून मधलं काहीतरी शिवू नये. अॅबनर ब्राउन नावाच्या विद्यार्थ्याने या बैठकींच्या आठवणी लिहून ठेवल्या आणि १८६३ साली त्या पुस्तकरूपाने आल्या. त्यांची चहाची किटली केंब्रिजमध्ये अजून जपून ठेवली आहे.

पण त्यांना संत करून भिंतीवर टांगायला नको. राग शेवटपर्यंत त्यांची परीक्षा पाहत राहिला. एकदा ते एका मित्राकडे जेवायला गेले होते. तिथला नोकर शेकोटीतले निखारे चुकीच्या पद्धतीने हलवत होता. सिमियन यांना ते पाहवेना. त्यांनी वळून त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. निघताना त्याच नोकराने घोड्याला दुसराच लगाम चढवला, आणि पुन्हा तोंडाचा पट्टा सुरू. हे पाहणारे एडवर्ड्स नावाचे एक पाळकमित्र होते. त्यांनी काय करावं? त्या नोकराच्या नावाने एक पत्र लिहिलं आणि गुपचूप सिमियन यांच्या पिशवीत टाकलं. इतका चांगला उपदेश आणि प्रार्थना करणारा माणूस एवढा कसा तापतो, ते मला कळत नाही, अशा अर्थाचं. खाली सही जॉन सॉफ्टली, म्हणजे हळुवार जॉन. सिमियन यांनी पत्र वाचलं आणि खरंच नोकराने लिहिलंय असं समजून त्याची माफी मागणारं उत्तर लिहिलं. स्वतःची सही केली ती गर्विष्ठ आणि चिडखोर चार्ल्स अशी.

मला या सगळ्या चरित्रात ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. ज्याची पहिली सहभागिता कॉलेजच्या नोकरांबरोबर होती, तोच माणूस नाव झाल्यावर एका नोकरावर हात उगारतो. आणि त्याला जागेवर आणणारा मित्र त्याच्याजवळ असतो. वर्षानुवर्षं ज्याच्याबरोबर हिरवळीवर पाऊल टाकायला कुणी तयार नव्हतं, त्याला आता चूक दाखवणारे मित्र होते, आणि मुख्य म्हणजे तो त्यांचं ऐकत होता.

त्या खोलीतून निघालेली माणसं कुठे कुठे गेली! १७९९ मध्ये चर्च मिशनरी सोसायटीच्या स्थापनेत सिमियन यांचा मोठा वाटा होता. भारताकडे तर त्यांचं विशेष लक्ष. क्लॉडियस ब्युकॅनन, हेन्री मार्टिन, डॅनियल कॉरी, थॉमस थॉमसन हे सगळे त्यांच्या ओळखीतून, त्यांच्या प्रार्थनेतून इथे आले. कॉरी १८३५ मध्ये मद्रासचे पहिले बिशप झाले. मार्टिन १८०१ साली गणितात विद्यापीठात पहिला आलेला. आजच्या भाषेत, त्याच्यासाठी कंपन्यांनी रांग लावली असती. तो सिमियन यांचा सहायक झाला, १८०६ ला कलकत्त्याला पोहोचला, आणि त्याने नवा करार उर्दू आणि फारसीत आणला. १८११ मध्ये तो समुद्रमार्गे मुंबईला आला. वाटेत गोव्यात सेंट झेवियरच्या समाधीला गेला. त्याच जहाजावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होते, पुण्याचे रेसिडेंट आणि पुढे मुंबईचे गव्हर्नर झालेले. म्हणजे केंब्रिजच्या त्या खोलीचा एक धागा आपल्या किनाऱ्याला लागून गेलाय. पुढच्याच वर्षी, १६ ऑक्टोबर १८१२ ला, तुर्कस्तानातल्या तोकात गावी मार्टिन वारला. वय एकतीस.

त्याचं एक चित्र कलकत्त्याहून त्याच वर्षी इंग्लंडला पोहोचलं होतं. सिमियन यांनी ते आपल्या जेवणाच्या खोलीत शेकोटीच्या वर लावलं. ते पाहुण्यांना सांगत की हे डोळे माझ्यावर असे रोखलेले असतात की वेळ वाया घालवू नकोस, असंच जणू ते मला बजावतात. मग चित्राकडे पाहून हसत आणि मान लववून कबूल करत की नाही घालवणार.

१८३६ च्या सप्टेंबरात नव्या बिशपांना भेटायला ते ईलीला गेले असताना थंडी बाधली आणि ते अंथरुणाला खिळले. १३ नोव्हेंबर, रविवार. दुपारी विद्यापीठाच्या उपासनेची घंटा वाजत होती. त्या दिवशीचा उपदेश त्यांचाच ठरला होता. घंटा वाजत असतानाच प्रभूने त्यांना नेलं. अंत्यविधीच्या दिवशी शहरातली दुकानं बंद होती. ज्या गावात त्यांच्या खिडक्यांवर दगड आले होते त्याच गावात. होली ट्रिनिटीत त्यांची सेवा चोपन्न वर्षांची झाली. चौपन्नातली पहिली दहा-बारा कुलपांची.

त्यांच्या प्रभावाखालच्या विद्यार्थ्यांनी १८२७ साली जीझस लेन भागात गरीब मुलांसाठी रविवारची शाळा सुरू केली. १८७७ मध्ये केंब्रिजच्या कॉलेजांची मिळून ख्रिस्ती विद्यार्थी संघटना झाली, आणि अशा संघटना देशोदेशी पसरल्या. आपल्याकडे यूईएसआय १९५४ पासून कॉलेजांत काम करते. शिक्षण संपवून नोकरीला लागलेल्यांचे गटही त्याच कुळातले.

आता आपल्याकडे वळू. कॉलेजचा प्रार्थना गट चार वर्षं किंवा दोन वर्षं टिकतो. मग कॅम्पस प्लेसमेंट होतं, कुणी हिंजवडीला, कुणी बंगळूरला, कुणी ऑनसाइट. ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छा तेवढ्या येत राहतात. विद्यार्थी जाणारच, ते जाण्यासाठीच आलेले असतात. प्रश्न असा आहे की एका जागी थांबून दार उघडं ठेवणारं कोण आहे? सिमियन फेलो होते, त्या काळच्या नियमाने अविवाहित होते, खोली कॉलेजची होती. आपल्याला घर आहे, मुलं आहेत, कर्जाचे हप्ते आहेत. शुक्रवारी साठ जण नाही बोलावता येणार. पण महिन्यातून एकदा हॉस्टेलच्या चार मुलांना रविवारी जेवायला बोलावता येतं. भाजी-भाकरी चालते त्यांना, मेसचं खाऊन कंटाळलेले असतात. पौल थेस्सलनीकेच्या मंडळीला शुभवर्तमानाबरोबर स्वतःचा जीवही द्यायला तयार होता, असं आजच्या दुसऱ्या वाचनात आहे. ते व्यासपीठावरून होत नाही, त्याला जेवणाचं ताट लागतं.

आणि ते ताट वाढणाऱ्या, चहा आणणाऱ्या माणसाशी आपण कसे बोलतो? ऑफिसच्या पॅन्ट्रीतला मुलगा, सोसायटीचा वॉचमन, घरकामाच्या मावशी. आपल्या सहभागितेत किती प्रेम आहे ते त्यांना आपल्या प्रार्थनेवरून कळत नाही. आज त्यांच्यापैकी एकाचं नाव आठवून प्रार्थना करा. नाव माहीत नसेल तर उद्या विचारा.

प्रार्थना : हे प्रभू, तू आमच्या खांद्यावर ठेवलेलं आम्ही कुरकुर न करता वाहावं असं कर. जिथे आमच्यासाठी बाकं बंद आहेत तिथे आम्हाला भांडणापासून राख. आमच्या घराचं दार उघडं ठेव, आणि आमची चूक दाखवणारा एक तरी मित्र आम्हाला दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.